टिचकी न मारलेलं मडकं

शिवतेज, मोबाईलची बत्ती बंद कर गड्या. गोष्ट ऐकायची तर अंधार तरी नीट असू दे. खरी हाय. म्हसवडच्या सयाजी कुंभाराची. पलटनीतनं रिटायर होऊन आलो तवापासनं सकाळचा चहा त्याच्याच अंगनात घेतोय मी.

सयाजीच्या घरान्यात चाक कवापासनं फिरतंय, कुनालाच ठावं न्हाई. माणगंगेच्या काठाला जुनी खापरं निघायची, तर म्हनायचा, ही आमच्याच मानसांच्या हातची. लय मिजास त्याला त्याची.

त्यांची एक रीत हाय. पान्याचं मडकं टिचकी मारून, आवाज बघून द्यायचं. मयताच्या मडक्याला टिचकी मारायची न्हाई, आन मयत कुनाचं ते इचारायचं न्हाई. टिचकी लागलेलं मडकं मयताला चालत न्हाई.

दोन वर्सांमागं, मार्गशीर्ष अमावस्या. त्याची बायको हरणाबाई मिरजेला दवाखान्यात, यंत्रावर. लेक जयराज तिच्यापाशी. सयाजीनं सांजेला भट्टी पेटवलेली, ती सोडून जाता येत न्हाई. आन जाऊन तरी काय करनार हुता?

रात्री साडेअकराला दारात कुनीतरी आलं. डोक्यावरनं घोंगडं.

"मयताचं मडकं दे."

गावात तर कुनी गेलं न्हवतं. मग मयत कुनाचं? पर इचारायची सोय न्हाई. त्यानं मडकं उचललं आन सवयीनं टिचकी मारली. खणखणीत वाजलं.

"हे चालत न्हाई. दुसरं दे."

तवा सयाजीच्या ध्यानात आलं. दुसऱ्यालाबी त्यानं टिचकी मारली. मुद्दाम. मग तिसऱ्याला. आपन वाजवतोय तवर हरणा हाय, असं त्याला वाटाय लागलं.

तो मानूस रागावला न्हाई. बसून ऱ्हायला.

पन्नास मडकी, एकेक येळ काढत, परत परत वाजवलं. बोटाची साल निघाली. साडेतीनला शेवटचं वाजलं...

तो उठला. भट्टीकडं गेला.

"त्यातली अजून भाजली न्हाईती," सयाजी म्हनाला. "आवं... थांबा..."

थांबला न्हाई. जळत्या भट्टीत हात घातला. खांद्यापातुर.

हात भाईर आला तवा त्यात एक मडकं हुतं, ते घेऊन तो अंधारात गेला.

...

पावनेचारला जयराजचा फोन आला.

सकाळी मी भट्टी बघितली. वरचा मातीचा लेप कुठंच फुटला न्हवता. दुपारी हरणाबाईला आनलं. घरातली समदी मडकी वाजवलेली, आता मयताला कुठलं द्यायचं म्हनून मी अंगनात आलो. तिरडीपाशी एक कोरं मडकं ठेवलेलं. कुनी आनलं, कुनालाच म्हाईत न्हाई. जयराजच्या हातात द्यायला मी ते दोनी हातांनी उचललं...

शिवतेज, लाव आता बत्ती. हे माझे तळहात बघ.