आरशासारखा काळा

टाकीवरून खाली उतर, असं सांगून सांगून ठेंगीचा घसा बसायची वेळ आली, पण डोंगळा काही उतरेना. गच्चीवर जुन्या चादरींचा तंबू ठोकायचा आणि सुट्टीतल्या सगळ्या दुपारी त्यातच काढायच्या, असा तिघांचा बेत होता. दोरीचं एक टोक पाण्याच्या टाकीला बांधायला म्हणून डोंगळा वर चढला होता. दिसेल त्यावर चढायची खोड, म्हणून तर त्याचं नाव डोंगळा. ठेंगी त्याची थोरली बहीण, वर्गात सगळ्यांत बुटकी आणि बोलण्यात कुणालाच न ऐकणारी. तिसरा त्यांचा मावसभाऊ. त्याच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड की त्याला सगळे भिंग्याच म्हणत. तिघंही सुट्टीला मामाकडे आली होती.

"कबुतर काड्या नेतंय," डोंगळा वरून म्हणाला. "त्या धुराड्यात."

"कबुतरं काड्या नेतातच. दोरी बांध."

"अगं, मामाच्या धुराड्यात."

आता मात्र ठेंगी आणि भिंग्या दोघंही टाकीची शिडी चढली. मामाच्या घराला लागूनच एक उंच भिंत होती आणि भिंतीपलीकडे मामाचा कारखाना. रंगाच्या खोलीचं पत्र्याचं जाडजूड धुराडं छपरातून वर आलेलं होतं. त्याच्या तोंडाशी कबुतराने ऐसपैस घरटं मांडलं होतं आणि दुसरं कबुतर त्यात डोळे मिटून बसलं होतं. गेल्या सुट्टीत याच धुराड्यातून असा झोत येई की मामीने वाळत टाकलेला टॉवेल एकदा पार रस्त्यावर जाऊन पडला होता. मुलांना तिकडच्या कठड्याशी फिरकायचीही बंदी होती, कारण ती हवा विषारी असते, असं मामाच म्हणाला होता.

"वाऱ्यात कबुतर घरटं बांधेल का?" भिंग्याने विचारलं. म्हणजे रंगाच्या खोलीतली हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा बंद होता.

मामा त्या कारखान्यात रंगारी होता. पण भिंती रंगवणारा नव्हे. जगातल्या सगळ्यांत महागड्या मोटारगाड्या तिथे येत आणि गिऱ्हाइकाच्या मनासारख्या सजवून परत जात. मोठ्या बोटीसारखं लांब नाक, रुंद पाठ आणि नुसत्या बोटाने ढकलला तरी आवाज न करता बंद होणारा जाड दरवाजा. आतलं सगळं लाकूड एकाच झाडाचं, ते असं कापलेलं की डावीकडची रेघ उजवीकडे तशीच उमटावी. कातडं अशा जनावराचं की ज्याला आयुष्यात कधी डास चावलेला नाही. मामा हे सांगायचा तेव्हा मुलं हसायची. मग तो म्हणायचा, हसू नका, या गाड्या घेणारी माणसं कुठे जायचंय म्हणून गाडी घेत नाहीत, आपण आलो हे लोकांना कळावं म्हणून घेतात. आणि ते पहिल्यांदा कळतं रंगावरून.

मामाचा हातखंडा म्हणजे काळा रंग. एकावर एक हात मारायचे, प्रत्येक हात सुकला की पाण्याने घासायचा, पुन्हा मारायचा. शेवटी तो काळा इतका खोल होई की त्यात बघताना विहिरीत डोकावल्यासारखं वाटे.

पण या सुट्टीत मामाचं काहीतरी बिनसलं होतं. घराच्या चार पायऱ्या चढताना तो मध्येच थांबे. जेवताना घास खाली ठेवून श्वास घेई. सिगारेटला तो आयुष्यात शिवला नव्हता, तरी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सिगारेट सोडा म्हणून सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत तो बराच हुशार होई, मुलांशी पत्ते खेळे, लबाडीही करी. दुसऱ्या दिवशी कामावरून परतला की पुन्हा तीच छातीतली घरघर. हे ठेंगीच्या लक्षात आलं होतं, पण त्याचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं. आता समजलं.

त्या संध्याकाळी तिने मामाला घरट्याचं सांगितलं. मामा म्हणाला की पंखा सुरू असतो, दारावरचा हिरवा दिवा लागलेला असतो, तो लागल्याशिवाय आपण रंग फवारायची गन हातात धरतच नाही. आवाज ऐकू येतो का, असं भिंग्याने विचारलं. शेजारी हवेचा कॉम्प्रेसर धडधडत असतो आणि कानांवर टोपणं असतात, मामा म्हणाला, आवाज कसला ऐकतोस. पंख्याच्या बटणाच्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली मॅनेजरकडे असे. तेवढं सांगून तो उठला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

भिंग्या मात्र विचारात पडला. त्यांच्या घरच्या गीझरचा दिवा रोज इमानाने लागायचा, पण पाणी गारच यायचं. आतली कॉइल जळली होती. दिव्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"म्हणजे दिवा खोटं बोलू शकतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ठेंगी सरळ कारखान्याच्या फाटकाशी गेली आणि मॅनेजर बाहेर येताच तिने त्याला घरट्याचं सांगितलं. तो हसला, तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला की कबुतरांची काळजी घेणारी मुलं त्याला फार आवडतात. पण दुपारी तो मामीला भेटून गेला, तेव्हा हसत नव्हता. कारखान्यात डोकावणारी पोरं कामात अडथळा आणतात आणि रंगाऱ्याचं काम आता कोणालाही देता येतं, असं तो बोलून गेला. मामीने तिघांना समोर उभं करून बजावलं, की पुन्हा टाकीवर चढलात तर पहिल्या गाडीने घरी पाठवीन. ती रागावलेली नव्हती. घाबरलेली होती, आणि ते मुलांना जास्त लागलं.

त्याच आठवड्यात मामा कोसळला. कारखान्यातली दोन माणसं त्याला धरून घरी घेऊन आली तेव्हा त्याचे ओठ निळसर झाले होते आणि तो बोलायला बघत होता पण शब्दाला पुरेसा वारा त्याच्यापाशी नव्हता. मामी चपला न घालताच रिक्षात बसली. तंबूच्या चादरी गच्चीवर तशाच पडल्या होत्या. डोंगळा त्यांतल्या एकीत तोंड खुपसून बसला. दोघांनी त्याला तसंच बसू दिलं.

दवाखान्यात मामाच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. तिथल्या डॉक्टरीणबाई वेगळ्या होत्या. त्यांनी सिगारेटचं विचारलं नाही, काम काय करता ते विचारलं. रंग कडक व्हायला त्यात मिसळतात ते हार्डनर छातीत गेलं तर असं होऊ शकतं, पण तुमच्याकडे पंखा असेल ना, असं त्या म्हणाल्या. कारखान्याने लेखी कळवलं होतं की पंखा व्यवस्थित चालू आहे. मामीने मुलांकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातून निरोप आला, की मामाच्या कपाटाची किल्ली पाठवा. आज गिऱ्हाईकबाई गाडी बघायला यायच्या होत्या आणि त्यांच्यादेखत शेवटचा हात मारायचा होता. मामाच्या जागी नवा रंगारी घेतला होता. त्याला मामाची गन हवी होती.

"तो माणूसही आत जाणार," ठेंगी म्हणाली. "आपण किल्ली द्यायला जाऊ या."

मामी किल्ली हातात धरून उभी होती. तिने ती ठेंगीच्या हातात ठेवली आणि तिघांकडेही न बघता म्हणाली, "नीट जा."

कारखान्यात आत शिरल्यावर बोलायचं ठरलेलं होतं, पण तिघंही समोरची गाडी बघतच राहिली. ती गाडी रंगाच्या खोलीच्या उघड्या दारात उभी होती, काचा आणि चाकं कागदांनी झाकलेली, बाकी सगळी काळी. तिच्या दारात तिघांचे चेहरे असे उमटले की डोंगळ्याने नकळत केस सारखे केले. मॅनेजर एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंना तिचं कौतुक ऐकवत होता. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर धुळीचा एकही कण नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. दाराशी नवा रंगारी मास्क गळ्यात अडकवून उभा होता. तरुण होता, आणि त्याच्या शर्टाच्या खांद्यावर लहान बाळाच्या दुधाचा डाग होता.

ठेंगीने किल्ली पुढे केली. मॅनेजरने ती घेतली आणि हाताने जा अशी खूण केली. पण बाईंनी विचारलं, "कुणाची मुलं ही?"

"ही गाडी ज्यांनी रंगवली त्यांची भाची मी," ठेंगी म्हणाली. "मामा दवाखान्यात आहे. त्याला श्वास घेता येत नाही."

बाईंचा गाडीवरचा हात मागे आला. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. त्याने घाईघाईने समजावलं, की त्या माणसाला जुना दमा आहे, इथे हवेची व्यवस्था उत्तम आहे, हा बघा हिरवा दिवा, हा लागलाय म्हणजे पंखा विषारी हवा ओढून बाहेर टाकतोय.

भिंग्या दोन पावलं पुढे झाला. त्याने चष्मा वर सरकवला आणि शाळेत शंका विचारावी तसं विचारलं, "म्हणजे काका, पंखा बंद केला की दिवा विझतो?"

"अर्थातच."

"मग एकदा बंद करून दाखवा ना."

मॅनेजर म्हणाला की पोरखेळाला वेळ नाही. बाई मात्र म्हणाल्या, "एका बटणाला किती वेळ लागतो?"

मॅनेजरला खिशातली किल्ली सापडायला बराच वेळ लागला. त्याने पेटी उघडली आणि बटण खाली केलं.

दिवा तसाच लागलेला राहिला.

त्याने बटण वर केलं, पुन्हा खाली केलं. हिरवा दिवा शांतपणे जळत होता. तेवढ्यात डोंगळा कुणाच्या लक्षात न येता खोलीत शिरला होता. गाडी झाकण्यासाठी आणलेल्या पातळ कागदाची एक पट्टी त्याने भिंतीतल्या मोठ्या जाळीवर लावली आणि हात काढून घेतला. पंखा ओढत असता तर पट्टी जाळीला चिकटली असती. ती सरळ जमिनीवर पडली.

"साहेब, बटण वर करा," नवा रंगारी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. बटण वर झालं. त्याने स्वतः ती पट्टी उचलून जाळीवर धरली आणि सोडली. पट्टी पुन्हा खाली पडली. मग त्याने गळ्यातला मास्क काढला, बाकावर ठेवला आणि तो बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. एकेक करून घासणाऱ्या, शिवणाऱ्या, लाकूड बसवणाऱ्या सगळ्यांचे हात थांबले.

पुढचं सगळं हळूहळू बाहेर आलं. मागे एका गिऱ्हाइकाने धुळीच्या कणावरून गाडी परत पाठवली होती. पंखा हवा बाहेर ओढतो तेव्हा फटींतून धूळ आत येते. फटी बुजवायच्या, गाळण्या बदलायच्या तर काम थांबवावं लागलं असतं. त्यापेक्षा मॅनेजरने धुराडंच आतून पत्रा मारून बंद केलं, पंख्याची वायर काढली आणि दिव्याला सरळ वीज जोडून दिली. मालकाला हे माहीत होतं. काम वेळेवर होतंय ना, एवढंच त्याने विचारलं होतं.

हे ऐकताना बाई गाडीपासून लांब सरकल्या होत्या. आपले वडील दुसऱ्यांच्या गाड्या पुसायचे, असं त्या ठेंगीला म्हणाल्या. पुसायचे, पण आत बसायची त्यांना मुभा नव्हती, म्हणून अशी गाडी घ्यायची असं बाईंनी लहानपणीच ठरवलं होतं. मग त्यांनी दवाखान्यात फोन लावला आणि डॉक्टरीणबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. गाडी त्यांनी घेतली नाही. ती पुढे दुसऱ्या कुणीतरी घेतली. रंग फारच अप्रतिम आहे, असं तो म्हणाला म्हणे.

कामगार खात्याची माणसं आली, त्यांनी रंगाच्या खोलीला सील ठोकलं. मॅनेजरवर आणि मालकावर खटला भरला गेला. डॉक्टरीणबाईंनी तिघांना आपल्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं, की मामाच्या छातीत नेमकं काय गेलंय आणि किती दिवस जात होतं हे कळल्यामुळे उपचार बदलता आले. तुम्ही नसतात तर मी अजून दम्याचंच औषध देत बसले असते. मामीने तिघांनाही कुशीत ओढलं. तुमचं तेव्हाच ऐकायला हवं होतं, असं ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलवेना.

मामा घरी आला, पण त्याच्या खिशात आता कायम दम लागला की ओढायचा औषधाचा एक पंप असे. रंगाच्या वासाजवळही जायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. थोडा काळ नव्हे, जन्मभर. सगळी आळी मुलांची पाठ थोपटून गेली. मामाच तेवढा काही म्हणाला नाही. तो खिडकीशी बसून असे. मामा आपल्यावर रागावलाय, असं डोंगळ्याला वाटायला लागलं.

सुट्टी संपली त्या दिवशी तो त्यांना सोडायला बसथांब्यापर्यंत आला. वाटेत दोनदा थांबला. थांब्यावरच्या बाकावर टेकला आणि श्वास जागेवर आल्यावर बोलायला लागला.

"खोलीत रंगाचं धुकं साचून राहायचं. पूर्वी असं होत नसे. मला ते दिसत होतं."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?" ठेंगीने विचारलं.

"काळा इतका सुंदर कधीच उतरला नव्हता गं. एक कण नाही." तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "तुम्हाला शाबास म्हणायला मला उशीर झाला. ते म्हटलं की हेही म्हणावं लागतं की माझा रंगाचा हात कायमचा गेला. ते तोंडातून निघत नव्हतं."

बस वळणावर दिसली. मामा बाकाला धरून उठला आणि त्याने तिघांच्याही डोक्यांवरून एकेकदा हात फिरवला.

"शाबास," तो म्हणाला. "पोरांनो, शाबास."