दोन-आठ की दोन-चार?

आफियाला त्या दिवशी दुकानात यायचंच नव्हतं. सकाळपासून दोन्ही हात सुजले होते. पण धाकट्या बहिणीचं, अलिशाचं लग्न तोंडावर आलेलं, आणि घरातल्या सगळ्यांनी भद्रकालीच्या बाजारातल्या याच दुकानातून बांगड्या घ्यायच्या, असा अलिशाचा हट्ट होता. सूज लाल नव्हती, खाजतही नव्हती. पाहणाऱ्याला वाटावं, पोरीचे हात मुळातच गुबगुबीत आहेत.

बांगडीवाल्या आवेजलाही तसंच वाटलं. त्याने तिचा पंजा हलकेच दाबला, क्षणभर नजर वर केली... आणि ऐटीत म्हणाला, "दोन-आठ." घरात तिसऱ्या पिढीचा धंदा, माप घ्यायला त्याला पट्टीबिट्टी काही लागत नसे.

चौथ्या दिवशी सूज उतरली आणि बांगड्या हातातून घरंगळू लागल्या. आफिया बदलायला गेली. आवेजने पुन्हा हात दाबला आणि त्याचा चेहराच पडला. दोन-चार! त्याने माफी मागितली, चहा मागवला. खरं सांगायचं सोडून ती म्हणाली, "होतं असं कधी कधी."

मग तिच्या बांगड्या वरचेवर फुटू लागल्या. कशा, ते तिलाच ठाऊक. सातपूरच्या कंपनीतून सुटली की पावलं भद्रकालीकडे वळायची.

"बांगड्या घालता की आपटता, मॅडम?"

"तुमचा मालच कच्चा आहे."

मॅडमची आफिया झाली, तुम्हीचं तू झालं. पण पाळीच्या आसपास हात सुजले की माप पुन्हा दोन-आठ, आणि आवेज पुन्हा हवालदिल.

एका संध्याकाळी ती गेली तर माप त्याचे अब्बा घेत होते. आवेज कोपऱ्यात खोकी बांधत बसला होता. एकाच हाताचं माप सारखं चुकतं, म्हणून अब्बांनी त्याला गिऱ्हाइकांपासून उठवलं होतं.

हात सुजण्याचा हा आजार 'आनुवंशिक' आहे, एवढं ऐकूनच आफियाची आधीची दोन स्थळं फिरकेनाशी झाली होती. सांगितलं तर हाही जाईल. पण त्याला असं बसलेलं तिला बघवेना. तिने त्याला बाहेर पायरीवर बोलावलं आणि एका दमात सांगून टाकलं. हे अधूनमधून सुजणं आजीला होतं, अम्मीला आहे, मला आहे. ही अ‍ॅलर्जी नाही, अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी सूज उतरत नाही. बायकांच्या हार्मोननं भडकतं. पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या घेतल्या, तर ओठही सुजले. घसा सुजला तर श्वास अडकेल, म्हणून पर्समध्ये कायम इंजेक्शन असतं.

"आणि हे मुलांना येऊ शकतं, आवेज. मुलींना जास्त त्रास होतो."

ती जायला वळली.

"म्हणजे... माझं माप चुकलं नव्हतं?"

"एकदाही नाही."

तो गालातल्या गालात हसला, मग गंभीर झाला. "इंजेक्शन कोण देतं?"

"मीच घेते. पोटाच्या कातडीखाली."

"हात सुजलेले असताना?"

हे आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. "तेव्हा जरा... अवघड जातं."

"मग मला शिकव. रविवारी अब्बांना तुमच्या घरी पाठवतो, तोवर जमलं पाहिजे."

"आणि मुलगी झाली तर?"

"तिलाही मीच देईन. माझा हात हलका आहे, भद्रकालीत कुणालाही विचार."

आफिया ओढणीने डोळे पुसत हसली. मग तिने पर्समधून लिहायचं पेन काढलं आणि तिथेच पायरीवर बसून, त्या पेनावरच त्याला सुई कशी धरायची ते दाखवू लागली.