दाजींची झील

काम तसं साधंच होतं. सोयाबीन निघालेल्या रानात दोन रात्री मेंढरं बसवायची. रानाला लेंड्यांचं खत मिळतं, धनगराला ज्वारी मिळते. येडशीजवळ, रामलिंगच्या रस्त्याला लागूनच रामहरी तात्यांचं रान आहे, तिथं वीरप्पा आला होता. गेल्या साली, कार्तिकातल्या अमावस्येची आदली रात्र. बुधवार.

हे सांगत होते खुद्द तात्या. लाईट गेलेली, सगळे ओट्यावर. समोर पुण्याहून आलेली पुतण्याची पोरं, युवराज आणि हर्षाली.

"तुमच्या ओळखीचा होता तो वीरप्पा?" हर्षालीनं विचारलं.

"वळखीचा? धा वर्सं माझ्याच रानात बसतोय. एकवेळ मी खोटं बोलंल, त्यो न्हाय."

एरवी तिघं असायची. वीरप्पा, त्याची थोरली बहीण शांताक्का आणि दाजी, म्हणजे तिचा नवरा शिवलिंगप्पा. कळप सामाईक, दोन्ही घरांच्या चुली त्याच्यावर. दाजी पुढं चालायचे, मेंढरं त्यांच्या आवाजामागं, वीरप्पा सगळ्यात मागं. पण उन्हाळ्यात मेंढीचोरांचा पाठलाग करताना चोरांच्याच पिकअपनं दाजींना हायवेवर चिरडलं. आणि त्या बुधवारी शांताक्का लेकीच्या बाळंतपणाला अणदूरला. म्हणजे एकशेतीस मेंढरं आणि हा एकटा!

"फोन करायचा ना कुणाला तरी," युवराज म्हणाला.

"बॅटरी मारून मारून फोन बंद पडलेला. तुझ्यावानी पावर बँक गळ्यात घालून हिंडत न्हाय त्यो."

साडेबारा झाले असतील. लाईट न लावता एक पिकअप रस्त्याला येऊन उभी राहिली. मागचा फाळका खाली पडल्याचा आवाज आला. खण्ण.

वीरप्पा काय करणार? काठी एक, माणूस एक. मग त्याला सुचलं, आपण दोघं आहोत असं दाखवू. धनगरांच्या गाण्यात एकजण ओळ टाकतो आणि दुसरा ती उचलतो, त्याला म्हणतात झील. झील ऐकू आली की चोराला वाटणार, माणसं जास्त आहेत. वीरप्पानं आवाज लावला.

"माळावरती रात झाली, कोण मेंढरं राखतो?"

आणि स्वतःच, घसा जाड करून, "म्या राखतो जी, म्या राखतो!"

रस्त्यावरची कुजबुज थांबली. जमतंय की! त्यानं पुन्हा ओळ टाकली. पुन्हा जाड आवाजात झील. तिसऱ्यांदा ओळ टाकली, श्वास घ्यायला थांबला...

"म्या राखतो जी, म्या राखतो."

कळपाच्या पलीकडून.

हर्षाली युवराजला चिकटली. लांब कुठंतरी मालगाडी गेली.

"मग?"

"मग मेंढरं उठली."

एकदम. सगळी. आवाज त्यांच्या ओळखीचा होता. कुत्रं शेपटी हलवत पुढं पळालं. वीरप्पानं गाणं बंद केलं. हातानं तोंड दाबून धरलं. तरी झील येतच राहिली. कुणी न विचारता. आणि दर वेळेला थोडी लांबून...

कळप चालायला लागला.

वीरप्पा कळपाच्या आडवा आला. मेंढरं त्याला वळसा घालून गेली. त्यानं एडक्याची शिंगं धरली. एडक्यानं फरफटत नेलं.

"दाजी! थांबा की वो! अक्कानं काय खायाचं? दाजी..."

"म्या राखतो जी."

रस्त्यावर तीन पोरसवदा चोर उभे होते. हातात दोऱ्या. मेंढरं त्यांच्या मांड्यांना घासून चालली होती, पण एकानंही हात घातला नाही. एकजण रडत होता.

"काका... थांबवा की त्येला."

"माझं ऐकना झालेत रं," वीरप्पा म्हणाला.

मेंढरं पिकअपच्या बाजूनं गेली. रस्ता ओलांडला. रामलिंगच्या जंगलात उतरली. वीरप्पा मागं धावला. काटे, दगड, अंधार. पुढं घंटांचा आवाज.

मग घंटा नाहीत.

मग काहीच नाही.

"सापडली?" युवराजनं हळूच विचारलं.

"आठ दिवस हिंडलो. जंगलखात्याची माणसं, गावची पोरं, मी. लेंडी सुदिक न्हाय. शांताक्का आली, मोकळ्या रानाकडं बघत बसली. दोघं भैनभाऊ आता येरमाळ्याच्या बाजूला वीटभट्टीवर जात्यात."

तात्या पोरांच्या जवळ सरकले.

"सकाळी मीच गेल्तो पयला रानात. पिल्लांसाठी जाळीचं कुंपण असतंय बगा, वाघर म्हंत्यात. त्यात एक कोकरू व्हतं. रातीच जन्मलेलं. नाळ वली. आई न्हाय. कळपाची खूण म्हणून धनगर मेंढराचा कान कातरतो, ठावं हाय का? दाजी डाव्या कानाला दोन खाचा पाडायचे, त्यांच्याच हाताचं काम. त्यांच्या मागं कुणीच कातरले नव्हते."

"आणि त्या कोकराला?"

"दोन खाचा. डाव्या कानाला."

"म्हणजे रात्रीच कुणीतरी..."

"रगत न्हवतं, पोरी. जखम न्हवती. जुन्या खाचा... भरून आलेल्या. वरनं केस उगवलेले."