पाठ केलेली ओळ

दुकानामागच्या डोळे तपासायच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, भिंतीवर अक्षरांचा एक तक्ता होता, पेटीत दोनशे बत्तीस काचा होत्या आणि तीन आठवडे एकमेकांशी न बोललेली दोन माणसं होती.

तीन आठवड्यांपूर्वी जेवताना तिने सांगितलं होतं, "मी तुमचा मुलगा नाही, बाबा. लहानपणापासून मी स्वतःला मुलगी म्हणूनच ओळखते." बाबांनी एवढंच विचारलं, "कशावरून?" आणि ते ताटावरून उठले. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा संशोधनाची जागा सोडून ती बाबांच्या चष्म्याच्या दुकानात उभी राहिली होती. 'मुलगा हाताशी आला' हे त्यांचं एकमेव समाधान मोडू नये म्हणून मनातलं मनातच ठेवून...

आज एका शिक्षिकेने बाबांनी बनवलेला चष्मा तिसऱ्यांदा परत आणला. आईचा संयम सुटला. "आधी स्वतःचे डोळे तपासून घ्या, नाहीतर पाटी उतरवा. आणि तुम्ही दोघं मुके झालात, तर गिऱ्हाइकांशी मी खुणांनी बोलू का?"

म्हणून बाबा आता गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली.

"तक्ता मी कालच बदललाय, बाबा. ही जुन्याची ओळ झाली."

बाबांनी मान खाली घातली. "चार वर्षं झाली पाठ करून. चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढेल?"

"मीही तेच केलं. मुलगा म्हणून जे म्हणायचं ते पाठ होतं. सगळे खूश होते. दिसत मात्र काहीच नव्हतं."

"पण तुझं तुला कळलं कसं? त्याला यंत्र कुठलं?"

"डोळ्यांना तरी ते कुठे पुरतं? यंत्राचा आकडा तुम्ही नुसता अंदाज म्हणून धरता. मग माणसाला काय विचारता?"

"ही काच बरी, की ही."

"आणि तो म्हणाला, दुसरी?"

"तर दुसरी. डोळे त्याचे, मी कसा वाद घालणार..." बाबा बोलता बोलता थांबले. ते तिच्याकडे वळले. "दुकानात आलीस तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमच्या छातीला टाके होते."

"टाके दहा दिवसांत निघाले गं... आणि तू नऊ वर्षं..." तिने पुढे केलेला काचा पुसायचा फडका त्यांनी डोळ्यांना लावला.

"तो काचांचा आहे, बाबा."

"असू दे." त्यांनी नाक ओढलं, पाठ ताठ केली. "विचार, पोरी. या वेळी दिसेल तेच सांगतो."

तिने त्यांच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली आणि तीत काच सरकवली. "ही बरी, की ही?"

"पहिली."

"आता?"

"दुसरी... थांब, पुन्हा दाखव. हो, दुसरीच."

वीस मिनिटं लागली. उजवा डोळा उणे सव्वादोन, डावा उणे पावणेतीन. नव्या तक्त्यावर बाबा शेवटून दुसऱ्या ओळीतल्या पाचपैकी चार अक्षरांपर्यंत पोचले, या वेळी खरंच वाचत.