प्लग काढलेला कॉम्प्रेसर

दिवा राहू दे तसाच बारीक. पण जरा जवळ सरका, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही.

ही माझ्या मित्राची गोष्ट. त्याला सगळे फिटरच म्हणतात. मागच्या वर्षी नऊ जानेवारीला, शुक्रवारी संध्याकाळी, तो बाजारात एक व्हॉल्व्ह आणायला गेला. अंगठ्याएवढा पितळी व्हॉल्व्ह, बाकी काही काम नव्हतं.

फिटरनं लग्न केलं चाळिशी उलटल्यावर, एका विधवेशी. मी तिला वहिनी म्हणतो. तिचा पहिला नवरा कपाटं, टेबलं स्प्रेनं रंगवायचा. घरामागच्या खोलीत त्याचं वर्कशॉप होतं. माणूस तापानं गेला, त्याचा कॉम्प्रेसर मागे राहिला. फिटरनं तोच चालवायला घेतला. सुटीच्या दिवशी तोही कपाटं रंगवायचा.

आता त्या कॉम्प्रेसरला रोग असा होता, की टाकी भरून मोटर बंद पडली तरी स्विचपाशी फुसफुस चालूच. दहा मिनिटांत हवा उतरायची आणि मोटर आपोआप पुन्हा धडधडायला लागायची. फिटरनं सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. कुठेच बुडबुडा नाही. म्हणजे टाकीतली हवा उलटी फिरत होती. हवा अडवणारा व्हॉल्व्ह गेला होता.

तो नवीन व्हॉल्व्ह बसवत होता, तेव्हा वहिनी चहा घेऊन आली. दारातच उभी राहिली.

"आधी टाकीखालचा नळ सोडून साचलेलं पाणी काढा," ती म्हणाली. "ते रोज काढायचे."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही हो. आठवलं म्हणून बोलले. ह्यांचा हात फार हलका होता, मशीन कधी कुरकुरलंच नाही."

फिटरचा पाना हातातच राहिला. मुलांनो, तुमच्या आया नवऱ्याला काय म्हणतात? 'हे'. दोन वर्षं वहिनी पहिल्याला 'ते' म्हणत होती आणि फिटरला 'हे'. त्या संध्याकाळी अदलाबदल झाली. तिच्या लक्षातही आलं नाही. याच्या मात्र काळजात रुतलं. मला म्हणाला, "जिवंत माणूस असता तर दोन हात केले असते. याच्याशी काय करू?"

व्हॉल्व्ह बसला. फुसफुस थांबली. हवेच्या दाबाचा काटा चढला तिथेच उभा राहिला. काम फत्ते झालं होतं, पण फिटरच्या मनातली आग काही विझेना. जेवताना त्यानं सांगून टाकलं, "उद्या ते मशीन भंगारात जाईल. मी नवीन आणतो."

वहिनीनं ताट उचललं आणि आत गेली.

झोपायच्या आधी फिटर मागच्या खोलीत गेला. टाकी पूर्ण रिकामी केली. काटा शून्यावर आला. प्लग उपसून वायर गुंडाळून ठेवली. बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली उशीखाली ठेवली.

दोन वाजून वीस मिनिटांनी त्याला जाग आली.

मागे मोटर चालू होती.

धडधड... धडधड... मग एकदम बंद. टाकी भरली की होते तशी.

त्यानं शेजारी पाहिलं. वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. तिचा श्वास संथ चालला होता.

तो उठला. किल्ली घेतली. बोळातली फरशी गार होती. खोलीच्या दाराखाली उजेड नव्हता, पण आतून आवाज येत होता. फुस्स... थांबून फुस्स... कुणीतरी स्प्रे मारत होतं. सावकाश. हलक्या हातानं.

इथूनच दुसरा माणूस भीतीनं परत फिरला असता.

पण आत कुणीतरी हसलं.

हळूच, दबक्या आवाजात. बाईचं हसू होतं... वहिनीचं. ओळखायला चूक होणं शक्यच नाही. आणि तरी तसं ती याच्यासमोर एकदाही हसली नव्हती.

...

मला त्यानं स्वतः सांगितलं, "भीती गेली रे. फक्त जळलो."

कुलूप काढलं. दार ढकललं.

अंधार. ताज्या रंगाचा वास. आवाज नाही.

त्यानं बॅटरी मारली. वायर गुंडाळलेली होती तशीच. काटा... वर चढलेला.

तो धावत परत आला. वहिनी अंथरुणात उठून बसली होती.

"कुठे होतीस?"

"इथेच. काय झालं?"

"हसत कोण होतं?"

ती म्हणाली, "स्वप्न पडलं होतं मला." कसलं, ते तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

सकाळी सहाला त्याचा मला फोन आला. मी वायरमन, म्हणून बोलावलं. मी सगळी लाइन तपासली. कुठूनही करंट येत नव्हता. वहिनीचे हात, पाय, कपडे स्वच्छ होते. रंगाचा एक ठिपका नाही.

मग फिटरनं मला दारामागची भिंत दाखवली.

पांढरी भिंत करड्या प्रायमरनं रंगवलेली, वरपासून खालपर्यंत. इतका सारखा हात फिटरचा नाही. मधे मात्र एक जागा कोरी राहिली होती. रंग मारताना भिंतीला टेकून कुणी उभं असावं, तशी. बाईचा आकार. वहिनीच्याच उंचीचा. केस मोकळे, मान किंचित कललेली, डावा हात बाजूला लांब केलेला.

मी जवळ जाऊन पाहिलं. त्या हाताच्या टोकाला राहिलेली कोरी जागा एका हाताची नव्हती. एकमेकांत गुंतलेल्या दोन हातांची होती.

त्या दुसऱ्या हाताच्या पुढे कुणी नव्हतं. सलग करडा रंग.