डावा कान

रविवारी दुपारी दवाखाना बंद असे, म्हणून वाळवंटातल्या संगीतमहोत्सवाला जाणाऱ्या सहलीची बैठक तिथेच भरली. रुग्णांच्या खुर्च्या ओढून मंडळींनी रिंगण केले, मधल्या टेबलावर वाळवंटाचा नकाशा पसरला, आणि तासभर घसा कोरडा करून त्यांचे एवढेच ठरले, की तंबू पांढरे नकोत. पांढऱ्या तंबूपुढे फोटोवालीचे पांढरे कपडे उठून दिसले नसते.

त्या दवाखान्यात कान तपासणारा तरुण आपल्या यंत्रामागून हे सारे ऐकत होता. लाजाळू माणसाच्या तिरस्काराला बाहेर पडायला वाट नसते. तो आतल्या आत मुरत जातो. त्याचा चांगलाच मुरला होता. सहलीचा म्होरक्या विमेवाला. वाळूत एक रात्रही न काढलेला हा गृहस्थ थंडी, तहान आणि वादळे यांवर अधिकारवाणीने बोले. तरुणाने मनातल्या मनात त्याचे नाव उंटावरचा शहाणा असे ठेवले होते. यंदा खऱ्या उंटाचीही सोय होणार होती. फोटोवाली ही विमेवाल्याची बायको. संगीत तिला केवळ पार्श्वभूमीपुरते हवे होते. तिसरा दंतवैद्य. वाळवंटातल्या त्या संगीतमहोत्सवात तो स्वतःला शोधणार होता. शोध लागल्यावर हाती काय येईल, हे त्याला दयाबुद्धीने कोणी सांगितले नव्हते.

"अरे कानसेन, तूही चल की!" विमेवाला म्हणाला. "इथे घुबडासारखा बसून काय मिळतं तुला?"

"शांतता."

"तिकडे पोतंभर मिळेल. वर वाळू फुकट!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने त्याची धाकटी बहीण हसली, आणि तेवढे मात्र त्याला लागले.

लहानपणी तापात तिचा डावा कान कायमचा गेला होता. त्या बाजूला भोंगा वाजला तरी तिची पापणी हलत नसे. उरलेल्या उजव्या कानावर तिचे सगळे जग टांगलेले होते, आणि ते जग घेऊन ती माणसापेक्षा उंच स्पीकरांपुढे रात्र रात्र उभी राहायला निघाली होती. समजावून झाले, रागावून झाले. "दादा, मी काय काचेची आहे का?" एवढेच तिचे उत्तर. म्हणून त्याने एक युक्ती योजली. सर्वांना आवाज अडवायला कानांच्या मापाचे बोळे करून देतो, पण आधी कान तपासू, असे त्याने सुचवले. बहिणीची पाळी आली की उजवा कानही मंद होऊ लागल्याचे धडधडीत खोटे सांगायचे आणि तिला घरी बसवायचे, हे त्याने पक्के केले होते.

तपासणीची खोली म्हणजे दवाखान्यातच उभी केलेली एक जाड पेटी. भिंतींना आवाज गिळणारा स्पंज, जड दार, एका बाजूला दुहेरी काच. माणसाने आत हेडफोन लावून बसायचे आणि सूर ऐकू आला की हातातले बटण दाबायचे. बाहेर यंत्रावर दिवा लागे.

पहिला विमेवाला आत गेला. कानसेनाने अजून एकही सूर सोडला नव्हता, तोच दिवा लागला. पुन्हा लागला. दोन जलद, एक सावकाश; दोन जलद, एक सावकाश. इथेही याला पहिला नंबर हवा, असे म्हणून त्याने नाक मुरडले.

बाहेर येताना विमेवाला खुशीत होता. "झकास ठेका लावलास. लांबून येतोय असं वाटतं."

मग फोटोवाली बसली. सूर सोडण्याआधीच दिवा त्याच चालीवर उघडझाप करू लागला. नवऱ्याने कानमंत्र दिला असणार, असे त्याला वाटले. पण ती बाहेर आली ती मोबाइलकडे न बघता, आणि असे त्याने तिला कधी पाहिले नव्हते.

"मध्येच कोण नावं पुकारत होतं हो?" तिने विचारले.

दंतवैद्य आत बसल्यावर त्याने गुपचूप हेडफोनची तार यंत्रातून उपटली. आता आत काही जाणे शक्यच नव्हते.

दिवा लागला. दोन जलद, एक सावकाश.

"माझं नाव आलं," दंतवैद्य दारातून हळूच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सारे सापडल्याचे समाधान होते.

कानसेन रिंगणाकडे वळला. "तंबूंचं काय ठरलं?" त्याने विचारले. आपला आवाज इतका अजिजीचा झालेला त्याला आवडला नाही.

"आता ठरवायचं काय राहिलंय?" विमेवाला म्हणाला.

नकाशा खाली पडला होता. कोणी तो उचलला नाही. तिघे शेजारी शेजारी बसले होते आणि कोऱ्या भिंतीकडे, लांबच्या गोष्टीकडे पाहावे तसे, डोळे बारीक करून पाहत होते. एवढ्या मूर्खांना गप्प झालेले पाहून त्याला आनंद व्हायला हवा होता.

मागे जड दार लागल्याचा आवाज झाला.

बहीण आपणहून आत जाऊन बसली होती. हेडफोन लावलेला, बटण मांडीवर पडलेले. डोके किंचित डावीकडे झुकलेले. उभ्या आयुष्यात ती त्या बाजूने ऐकायला झुकली नव्हती.

त्याने घाईघाईने तार परत जोडली आणि माइक उघडला. "बाहेर ये. लगेच."

तिचा आवाज काचेपलीकडच्या माइकमधून आला. "दादा, तू? तू कधी पोचलास तिकडे?"

"मी इथे आहे. समोर बघ."

ती बघत नव्हती. ती हसत होती. "अय्या, किती मोकळा हसतोयस! घरी कधी असा हसत नाहीस."

त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"ऐक माझं," तो म्हणाला. "तुझा उजवा कान चांगला आहे. अगदी ठणठणीत. मी खोटं सांगणार होतो. तू बाहेर ये, मग हवं तिथे जा."

तिच्या कपाळावर आठी पडली, लहानपणी झोपमोड केल्यावर पडायची तशी.

"दादा, इकडून बोलू नकोस ना," ती म्हणाली. "तिकडचा तू नीट ऐकू येत नाहीस."

त्याने काचेवर मूठ आपटली. तिचे नाव घेऊन तो ओरडला.

तिने शांतपणे हेडफोन उजव्या कानावरून सरकवला आणि त्या कानात बोट घालून तो घट्ट बंद केला.