शेवट पटला नाही

पांढरकवड्याच्या बस स्टँडवर चहाचा घोट अर्पिताच्या तोंडातच राहिला. समोरच्या बाकड्यावरचा माणूस चक्क तिचीच कादंबरी वाचत होता.

"तुमीच ना... अर्पिता ठाकरे?" त्यानं विचारलं. "मी नयन. बाजारात कृषी केंद्र आहे आपलं."

इतका योग जुळून येतो कुठे? याला कोणी पाठवलं तर नाही, असा तिला संशय आला.

आधी ती वनरक्षक होती. रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, मोटारसायकल उलटली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नोकरी सुटली. अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं ते सुटलेलं जंगल लिहून काढलं, त्याची कादंबरी झाली. तेव्हापासून भेटेल तो पुस्तकाची तारीफ करायचा, अन् नजर मात्र पायावर.

याची नजर पायावर नव्हती. म्हणून तर संशय वाढला. त्यात दर बाजाराच्या दिवशी ती चहाला आली की तो हजर.

"तुमाले दुकान नाही का?"

"आहे ना. पण चहा इथलाच बरा."

"पांचट असते इथला चहा."

तो कानापर्यंत लाल झाला.

"पुस्तक संपलं?" शेवटी तिनंच विचारलं.

"संपलं. पण... शेवट नाही पटला. वाघाच्या मागं जाणारी बाई, अन् प्रेमाच्या वेळी घरात लपते? तुमीच भ्याल्या तिथं."

अर्पिताला राग आला. पण कीव करणाऱ्यांनी आजवर एकही चूक काढली नव्हती...

"खरं सांगा. माह्या आईनं पाठवलं ना?"

पत्र्यावर सर वाजू लागली.

"पहिल्या दिवशी – हो. काकूच दुकानात येऊन पुस्तक देऊन गेल्या. म्हणे, पोरगी कोणाशी बोलत नाही, दोन शब्द बोल."

ती ताडकन उठली, जरा तोल गेला. त्यानं हात पुढे केला नाही. नुसता जवळ उभा राहिला.

"अन् नंतर?"

"नंतर त्यांनीच मना केलं. लोकं बोलतील म्हणे. तरी येऊन राह्यलो."

"काहून?"

"तुमी आवडता मले," तो हळूच म्हणाला. "चिडल्या की जास्तच."

तिनं त्याच्या चेहऱ्यावर खोटं शोधलं. बराच वेळ शोधलं. मग ती खाली बसली, बाकड्यावर थोडी सरकली.

"दुसरी कादंबरी लिहून राह्यली मी," ती पावसाकडे पाहत म्हणाली. "बसा... अजून काय काय नाही पटलं, ते सांगा."